कमावलेली जमीन

जुन्नर शहराभोंवतालच्या डोंगरांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेलीं लेणीं आहेत. तीं पाहावयास येणाऱ्याचें लक्ष सहसा स्तंभांकडे आणि कमानींकडे जातें. भिंतींवरील ब्राह्मी अक्षरांपुढें तो क्षणभर थांबतो आणि पुढें चालूं लागतो. परंतु त्या अक्षरांत दक्षिणेंतील शेतीच्या इतिहासाचें एक पान आहे. आदुथुम नांवाच्या एका शक उपासकाच्या दानाची नोंद तेथें आढळते. वडालिका येथील वीस निवर्तनें शेताचें उत्पन्न करंजाचीं झाडें लावण्यासाठीं, आणि दुसऱ्या एका गांवच्या नऊ निवर्तनांचें उत्पन्न वडाचीं झाडें लावण्यासाठीं त्यानें एका श्रेणीच्या, म्हणजे व्यवसाय-संघाच्या, स्वाधीन केलें. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें लेणें व पाण्याचें टाकें खोदविल्याचाहि लेख याच परिसरांत आहे. शेताच्या उत्पन्नांतून झाड लावावें, तें काम एकट्यादुकट्यावर न सोंपवितां संघाकडे द्यावें, आणि त्याची आठवण दगडांत कोरून ठेवावी, इतकें महत्त्व त्या काळच्या जुन्नरकरांना या गोष्टीचें वाटलें. करंजाचा पाला आणि त्याच्या बियांची पेंड हें आजच्याहि शेतकऱ्यांना ठाऊक असलेलें खत आहे. दात्याच्या मनांत खत होतें कीं सावली, तें लेख सांगत नाहीं. पण आज ज्या विद्येची चर्चा सर्वत्र चालली आहे, तिच्या अभ्यासाला आरंभ करावयास याहून योग्य जागा मिळणें कठीण.

त्या विद्येला ‘पुनरुज्जीवक शेती’ असें नांव पडलें आहे. नांव नवें आणि उच्चारावयास अवघड आहे. अर्थ मात्र साधा आहे. जी शेती पीक घेतांना माती झिजूं देत नाहीं, इतकेंच नव्हे तर वर्षागणिक तिचा कस वाढवीत नेते, ती पुनरुज्जीवक शेती. मराठी शेतकऱ्याजवळ यासाठीं फार जुना शब्द आहे. तो ‘जमीन कमावली’ असें म्हणतो. बापाकडून वांट्याला येतो तो जमिनीचा तुकडा. कमावलेली जमीन ही कष्टानें मिळवावी लागते. आणि कमावलेलें धन जसें एका पिढीला उधळतां येतें, तशी कमावलेली जमीनहि उधळतां येते. जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांचा इतिहास या कमावण्याचा आणि उधळण्याचा इतिहास आहे.

हे तालुके पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस आहेत. दोहोंचीहि पश्चिम कड सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेली आहे. नाणेघाट, आहुपे आणि भीमाशंकराचें रान या पट्ट्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या कांठानें पूर्वेकडे निघालें, कीं सुमारें वीस कोसांच्या अंतरांत, बेल्ह्याच्या बाजूला पोहोंचेतों, तोच पाऊस पांचसहाशें मिलिमीटरांवर येतो. म्हणजे एकाच मुलखांत पाण्याच्या अतिरेकानें माती वाहून जाण्याचें भय आणि पाण्याच्या अभावानें ती मरून जाण्याचें भय, अशीं दोन भयें शेजारीशेजारी नांदतात. हवामान लहरी झालें असतां काय करावें, हा प्रश्न इतरत्र आज नव्यानें विचारला जातो. येथील शेतकऱ्याला तो पिढ्यान्‌पिढ्या दारांत उभा दिसत आला आहे.

पश्चिमेकडील डोंगरांत महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. तेथें सपाट जमीन अशी निसर्गानें फारशी दिलीच नाहीं. उतारावर भाताचें खाचर बांधावयाचें म्हणजे आधीं दगड फोडून, रचून ताल घालावयाची, मग वरची माती खालीं ओढून ती भरावयाची, आणि पावसाच्या पाण्याबरोबर येणारा गाळ वर्षानुवर्षें अडवीत राहावयाचें. हें काम एका कुटुंबाच्या आवांक्यांतलें नव्हे. म्हणून पिकें निघाल्यावर कांहीं घरें एकत्र येत आणि आज याच्या तर उद्यां त्याच्या जमिनीवर राबत. मजुरी नाण्यांत नव्हती. दिवसाची फेड दिवसानें होई. या पद्धतीला ‘पडकई’ म्हणतात. आंबेगांवच्या डोंगरांत आज जीं खाचरें पायऱ्यांप्रमाणें दिसतात, त्यांतील कित्येक अशा उसनवारीच्या श्रमांनीं उभीं राहिलेलीं आहेत. ती जमीन कोणी शोधून काढलेली नाहीं. ती घडविलेली आहे.

पूर्वेकडील कोरडवाहू भागांत कमावण्याची रीत निराळी होती. बाजरीच्या पेरणींत तूर, मटकी, हुलगा यांचे तास टाकीत. बाजरीचीं मुळें वरच्या थरांत पसरतात, तुरीचें मूळ खोल जातें. शिवाय कडधान्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र धरून ठेवतात. कोणत्या पिकानंतर कोणतें पीक चांगलें येतें, याचें ज्ञान ‘बेवड’ या एका शब्दांत साठविलेलें होतें. हरभऱ्याचा बेवड चांगला, अमक्याचा वाईट, असें शेतकरी बांधावर बसून सांगे. सुगी आटोपल्यावर धनगरांचे कळप रानांत उतरत. शेतकरी त्यांना धान्य देऊन आपल्या वावरांत मेंढ्या बसवीत. रात्रभर बसलेल्या कळपाची लेंडी आणि मूत्र जागच्या जागीं जमिनीला मिळे, आणि गाडीभर खत वाहण्याचा खटाटोप वांचे.

आतां पुनरुज्जीवक शेतीचे जे मूळ धडे शिकविले जातात, ते या रीतींशेजारीं ठेवून पाहावे. पहिला धडा असा, कीं जमिनीची उलथापालथ होईल तितकी कमी करावी. दुसरा, जमीन कधीं उघडी ठेवूं नये. पीक नसेल तेव्हां पाल्यापाचोळ्याचें आच्छादन असावें. तिसरा, वर्षांतील अधिकांत अधिक काळ मातींत जिवंत मूळ असावें. चौथा, एकाच पिकाच्या मागें न लागतां अनेक पिकें एकत्र आणि आळीपाळीनें घ्यावींत. पांचवा, जनावरांना शेतीपासून तोडूं नये. या पांचांच्या मागें एकच कारण आहे. वनस्पति सूर्यप्रकाशांत साखर बनविते आणि तिचा कांहीं भाग मुळांवाटे मातींत सोडते. त्यावर असंख्य जंतु आणि बुरशा जगतात. त्यांच्या चिकट द्रव्यांनीं मातीचे कण एकमेकांस बांधले जातात आणि त्यांच्यामध्यें पोकळ्या राहतात. या पोकळ्यांतून पावसाचें पाणी आंत शिरतें, आणि मातींतील सेंद्रिय द्रव्य तें धरून ठेवतें. अशा मातीवर धो धो पाऊस पडला तरी ती एकदम वाहून जात नाहीं, आणि पंधरा दिवस पाऊस दडला तरी पीक तग धरतें. उलट, उघड्या मातीवर थेंबांचा मारा झाला कीं कण सुटतात, पोकळ्या बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी माती घेऊनच ओढ्याला जातें. दख्खनच्या कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब पुष्कळ ठिकाणीं शंभर भागांत अर्धा भागहि नसतो. मातीचा जीव केवढा थोडा उरला आहे, हें एवढ्यावरून कळावें.

यावरून, आपल्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें आणि आपण तें विसरलों, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. इतिहास तसें म्हणूं देत नाहीं. ज्या १६३० सालीं शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला, त्याच सालापासून दख्खनमध्यें महाभयंकर दुष्काळ पडला होता. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानेंहि पुणें जिल्ह्याला सोडलें नाहीं. बेवड आणि मेंढ्या यांनीं जमीन टिकविली. पण लागोपाठ दोन वर्षें आभाळ फिरलें तर माणसें वांचविण्याइतकी शक्ति त्यांच्यांत नव्हती. डोंगरांतहि सर्वच रीती मातीच्या हिताच्या होत्या असें नाहीं. तीव्र उतारावर नाचणी-वरईचीं पिकें दोन-तीन वर्षें घेऊन जमीन पड टाकीत. पड भरपूर वर्षें राहिली तर रान पुन्हा चढे, पण माणसें वाढून पडीचा काळ आंखूड झाला कीं उतार उघडा पडे. भाताच्या रोपांसाठीं ‘राब’ भाजत. झाडांच्या फांद्या, पाला, शेण, गवत यांचे थर रचून, वर मातीचा पातळ थर पसरून, उन्हाळ्यांत ते पेटवून देत. त्यायोगें तणांचें बीं मरे, राख मिळे आणि रोपें जोमानें येत. परंतु त्यासाठीं दरसाल झाडें छाटावीं लागत, आणि जो पालापाचोळा कुजून मातींत जावयाचा तो धूर होऊन आकाशांत जाई.

या प्रश्नांवर जुन्नर तालुक्यांतच एका परकीय निरीक्षकाची नजर पडली होती. अलेक्झांडर गिब्सन हा कंपनी सरकारच्या वैद्यकीय खात्यांतील स्कॉटिश डॉक्टर १८३८ सालीं दापोडीच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचा अधीक्षक झाला. नारायणगांवाजवळ हिवरे येथें त्या उद्यानाची एक शाखा होती. डोंगर उघडे पडले म्हणजे झरे आटतात, माती खालीं येते आणि हवामानहि बिघडतें, असें त्यानें कोंकणांतील वृक्षतोडीसंबंधीं १८४६ सालीं सरकारला कळविलें. पुढील वर्षीं तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. रोग त्यानें ओळखला; परंतु उपाय योजतांना डोंगरांतील फिरत्या शेतीवर त्याचा सारा रोष वळला. ज्यांना खालीं सपाट जमीन नव्हती त्यांनीं खावें काय, याचें उत्तर वनखात्याजवळ नव्हतें. रान राखावयाचें कीं राब भाजावयाचा, हा तंटा पुढें इतका वाढला, कीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या निमित्तानें १८८५ सालीं मुंबई सरकारला वन-आयोग नेमावा लागला. माती राखण्याचे नियम माती कसणाऱ्याला वगळून केले म्हणजे ते टिकत नाहींत, हा त्या काळाचा धडा होय.

१८८९ सालीं डॉ. व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडहून हिंदुस्थानची शेती पाहावयास आले. येथील रयत अडाणी आहे अशा समजुतीला त्यांनीं आपल्या १८९३ च्या अहवालांत छेद दिला. शेतकऱ्याच्या मशागतींतील काळजीची त्यांनीं वाखाणणी केली, आणि शेण जाळलें जातें तें अज्ञानानें नव्हे, सरपणाच्या अभावीं, हें दाखवून दिलें. खतासाठीं आधीं सरपणाचीं झाडें लावा, असा त्यांचा सल्ला होता. आदुथुमाच्या दानाची येथें सहजच आठवण होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मान यांनीं पुणें शहराजवळील पिंपळें सौदागर या गांवाचा अभ्यास १९१७ सालीं प्रसिद्ध केला. १७७१ सालीं त्या गांवांत सरासरी धारणा चाळीस एकरांची होती, ती १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आली होती. एवढ्या तुकड्यावर बैलजोडी पोसणें जड, जमीन पड ठेवणें तर अशक्यच. जमीन कमावण्याची जुनी रीत माणसाच्या हेकटपणानें मोडली नाहीं. ती ज्यावर उभी होती तो पायाच खालून सरकत गेला.

याच सुमारास इंदुरास एक प्रयोग चालला होता, ज्याचें फळ पुढें जगभर पोहोंचावयाचें होतें. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं पुसा येथील संशोधन-संस्थेंत आले. शेतकरी आणि किडी हेच आपले खरे गुरु, असें ते म्हणत. १९२४ सालीं होळकरांच्या इंदुरांत वनस्पति-उद्योग संस्था स्थापन झाली आणि तेथें यशवंत वाड या मराठी सहकाऱ्यासह त्यांनीं कंपोस्ट खताची पद्धति बसविली. काडीकचरा, शेण, गोठ्यांतील मुतारीची माती आणि राख यांचे थर खड्ड्यांत रचावयाचे, ओलावा राखावयाचा, तीन वेळां वरखालीं करावयाचें. सुमारें तीन महिन्यांत काळें, सुवासिक खत तयार होई. राबांत जें जळून जात होतें तेंच येथें कुजून मातीला मिळूं लागलें. या पद्धतीवरील हॉवर्ड आणि वाड यांचें पुस्तक १९३१ सालीं निघालें. तें आणि हॉवर्ड यांचे पुढील ग्रंथ वाचून अमेरिकेंत जे. आय. रोडेल यांनीं १९४२ सालीं सेंद्रिय शेतीचें मासिक सुरू केलें, आणि त्यांचे पुत्र रॉबर्ट रोडेल यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ‘पुनरुज्जीवक’ हें विशेषण रूढ केलें. आज जें नांव परदेशांतून आल्यासारखें वाटतें, त्याच्या वंशावळींत इंदूरचा खड्डा आहे आणि एक मराठी नांव आहे. मुंबई इलाख्यांतहि या वेळीं स्वस्थता नव्हती. सोलापुरास कोरडवाहू शेतीचे प्रयोग चालले होते, आणि १९४२ च्या जमीन-सुधारणा कायद्यानें समपातळीचे बांध घालण्याच्या कामाला जोर आला.

स्वातंत्र्यानंतर जुन्नर-आंबेगांवचें रूप धरणांनीं पालटलें. कुकडी प्रकल्पांत येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभें अशीं पांच धरणें झालीं. कालव्यांखालीं ऊंस, द्राक्षें, भाजीपाला यांचीं रानें पसरलीं. नारायणगांवची टोमॅटोची बाजारपेठ दूरवर नांवाजली. ज्या घरांत दुष्काळाची आठवण होती तेथें मुलें शिकलीं, पक्कीं घरें झालीं. ही भरभराट खरी आहे आणि तिला नांवें ठेवणें हें पोट भरलेल्याचें काम आहे. परंतु बाजरी-तुरीचा मेळ, बेवडाचा हिशेब, मेंढ्यांचा तळ, हीं मागें पडलीं. पोत्यांतील खतानें पीक वाढतें. मातींतील जीव मात्र काडीकचऱ्यावर आणि शेणावर पोसतो. पिकाला जेवूं घातलें आणि मातीला उपाशी ठेविलें, तर दरसाल खताची मात्रा वाढवावी लागते आणि वरचेवर पाणी द्यावें लागतें. कमावलेली जमीन उधळण्याची ही आधुनिक तऱ्हा होय. ती दिसत नाहीं, कारण वर पीक हिरवें असतें.

धरणाची दुसरी बाजू डोंगरांत दिसते. घोड नदीवरील डिंभें धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलेलें आहे. ज्या आंबेगांवावरून तालुक्याला नांव मिळालें तें गांवच या पाण्याखालीं गेलें. नदीकांठचीं कमावलेलीं खाचरें बुडालीं आणि अनेक कुटुंबें वर, उतारांवर सरकलीं. तेथें ‘शाश्वत’ या संस्थेनें, आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या पुढाकारानें, लोकांना बरोबर घेऊन काम केलें. पडकईची जुनी रीत पुन्हा उभी केली. जलाशयाचें पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळावर पेर करण्याचा हक्क मागितला. पाण्यांत मासे पाळले. या कार्याला २०१२ सालीं संयुक्त राष्ट्रांचें ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालें. ज्यांना पूर्वीं रानाचे शत्रु समजत, त्यांच्याच हातून माती राखली जाते, हें या निमित्तानें जगापुढें आलें.

पण दोनच वर्षांनीं याच तालुक्यानें दुसरा प्रसंग पाहिला. ३० जुलै १९१४ नव्हे, तर अगदीं आपल्या काळांत, ३० जुलै २०१४ च्या सकाळीं, अतिवृष्टींत माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. कारणांचा वाद पुष्कळ झाला. अतोनात पाऊस आणि तीव्र उतार हीं कारणें उघड होतीं. त्यांबरोबरच शेतीसाठीं उतारावर झालेलें सपाटीकरण आणि बुजलेल्या पाणवाटा यांकडेहि जाणकारांनीं बोट दाखविलें. या दुःखांतून शिकावयाचें तें हें, कीं उतारावर जमीन घडविणें हें जोखमीचें काम आहे. पाणी कोठून येतें आणि कोठें जातें हें पाहत, दगडावर दगड ठेवीत, हातानें आणि सावकाश केलेल्या कामाला वेळ लागतो. त्या वेळांतच डोंगराची ओळख होते. घाईनें केलेल्या सपाटीला ती ओळख नसते.

पुढें ३ जून २०२० रोजीं कोंकण किनाऱ्यावर आदळलेलें निसर्ग चक्रीवादळ घाट चढून या तालुक्यांतहि आलें. पश्चिमेकडील आदिवासी कुटुंबांना भाताखालोखाल आधार असतो तो हिरड्याचा. औषधासाठीं लागणारा बाळहिरडा वेंचून त्यांच्या हातीं रोकड येते. वादळांत हिरड्याचीं झाडें मोडलीं आणि नुकसानभरपाईसाठीं लोकांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें. वार्षिक पिकाचें नुकसान पंचनाम्यांत सहज मांडतां येतें. पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या झाडाची किंमत कोणत्या रकान्यांत लिहावयाची? एक मात्र स्पष्ट झालें. ज्या घराजवळ खाचर, झाड, जनावर आणि परसांतील भाजी असा चहूंबाजूंनीं आधार आहे, तें घर एका तडाख्यानें मोडत नाहीं. शेतींतील विविधता ही शोभेची वस्तु नाहीं. ती गरिबाची विमा-पॉलिसी आहे.

राबाच्या जुन्या तंट्याला एक वाट सह्याद्रीच्या पलीकडे, कर्जत तालुक्यांत नेरळ येथें, सांपडली आहे. तेथील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनीं गेल्या दशकांत ‘सगुणा भात तंत्र’ पसरविलें. त्यांत राब नाहीं, चिखलणी नाहीं, लावणी नाहीं. एकदां गादीवाफे करावयाचे, त्यांवर साच्यानें भोकें पाडून बियाणें टोकावयाचें, आणि कापणीनंतर धसकटें न उपटतां मुळें जमिनींतच कुजूं द्यावयाचीं. पुढच्या वर्षीं त्याच वाफ्यांवर, न नांगरतां, पुन्हा पेर. मुळें कुजून मातींत नळ्या पडतात, गांडुळें परत येतात, चिखलणीचे श्रम आणि खर्च वांचतो. शिवाय तुंबलेल्या पाण्याच्या भातखाचरांतून जो मिथेन वायु निघून हवा तापवितो, तोहि कमी होतो. या तंत्राला एक शंकास्थान आहे, आणि तें झांकून ठेवूं नये. नांगर सोडल्यावर तणाचा बंदोबस्त करण्यासाठीं यांत तणनाशक औषध वापरतात. कांहींना तें मान्य नाहीं. विळा आणि आच्छादन यांनीं तण आवरतां येईल काय, हा विचार ज्याच्या त्याच्या शेतांत, मनुष्यबळ पाहूनच करावा लागेल.

मग ज्याला ही विद्या आरंभापासून शिकावयाची आहे त्यानें काय करावें? प्रथम कुदळ घ्यावी आणि वावरांत फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. मातीचा वास घ्यावा; जिवंत मातीला पहिल्या पावसाचा वास असतो. गांडुळें मोजावींत. बांधावरच्या, कधीं न नांगरलेल्या जागेंतलें एक सुकें ढेंकूळ आणि शेताच्या मध्यांतलें एक, अशीं दोन ढेंकळें पाण्यानें भरलेल्या दोन काचेच्या भांड्यांत अलगद सोडावींत. बांधावरचें बहुधा बराच वेळ अखंड राहतें. शेतांतलें फुटून पाणी गढूळ करतें. पावसांत शेताचें काय होतें, तें या दोन भांड्यांत दिसतें. नंतर सगळें रान एकदम पालटण्याच्या भरीस न पडतां एका कोपऱ्यांत आरंभ करावा. पालापाचोळा जाळूं नये. दोन पिकांच्या मध्यें ताग किंवा धैंचा पेरून तो फुलावर येतांच गाडावा किंवा आडवा पाडावा. बांधावर गिरिपुष्प, करंज लावावे. मुख्य पिकांत एखादें कडधान्य घालावें. पहिलीं दोन-तीन वर्षें उत्पन्न कमीहि होईल, कारण पोत्यावर पोसलेल्या मातीला आपलें पोट पुन्हा भरावयास वेळ लागतो.

हीं दोन-तीन वर्षेंच खरी अडचण आहेत. चार एकरांच्या धन्याला एका हंगामाची तूट सोसवत नाहीं. कर्जाचा हप्ता मातीसाठीं थांबत नाहीं. त्या काळांत त्याला कोण सांभाळणार, याचें उत्तर शेतकी-शास्त्राच्या पुस्तकांत मिळत नाहीं. डोंगरांतील तरुण नारायणगांवच्या बागांत आणि पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत जातात, आणि पडकईला लागणारीं दहा-बारा घरांचीं माणसें एकत्र मिळेनाशीं होतात. तालीचा एक दगड निखळला आणि वेळेवर बसविला नाहीं, तर एका पावसाळ्यांत तीन पिढ्यांची माती घोडेच्या पाण्याबरोबर डिंभ्याच्या तळाशीं जाते. जमीन कमावण्याच्या विद्येंत बीं, खत आणि अवजार हे भाग सोपे आहेत. उसन्या दिवसाची फेड करणारा शेजारी मिळणें, हा कठीण भाग आहे. शहरांतल्या घरीं येणारा तांदूळ आणि टोमॅटो कोणत्या मातीचा आहे, हें विचारणारा, आणि कमावलेल्या जमिनींतलें धान्य थोडें महाग असलें तरी घेणारा गिऱ्हाईक, हाहि आतां त्या शेजाऱ्यांतलाच एक झाला पाहिजे.

आदुथुमानें लावविलेलीं करंजाचीं आणि वडाचीं झाडें केव्हांच नाहींशीं झालीं असतील. ज्या श्रेणीकडे त्यानें तें काम सोंपविलें तीहि राहिली नाहीं. दगडावरचीं अक्षरें तेवढीं राहिलीं आहेत, आणि त्यांखालच्या खोऱ्यांत दोन हजार वर्षें पेरलेली, पुष्कळदां झिजलेली आणि पुष्कळदां पुन्हा कमावलेली माती आहे. येत्या मृगांत ती पुन्हा पेरली जाईल.